घरच्या सुतारकामाच्या खोलीत डस्ट कलेक्टर : आत ठेवावा की बाहेर, आणि हवा सोडावी कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बेळगावात वडगावला घर. मागे परसात 10 बाय 14 फुटांची स्लॅबची खोली, उंची 10 फूट. पूर्वेला दार, ते अंगणात उघडते आणि तिथे आई पापड-मिरची वाळत घालते. उत्तरेला खिडकी, बाहेर बोळ. पश्चिमेला शेजाऱ्यांची भिंत. दक्षिणेच्या भिंतीला लागून न्हाणी, तिथे रोज बंब पेटतो. खोलीत टेबल सॉ, रंधा मशीन आणि बँड सॉ आहे. आता 2 एचपीचा, दोन पिशव्यांचा डस्ट कलेक्टर (मशीनचा भुसा आणि धूळ पाइपने ओढून पिशवीत भरणारे यंत्र) घेतलाय. तो आत ठेवू की बाहेर पत्र्याच्या आडोशाला, आणि भिंतीला भोक पाडून त्याची हवा बाहेर सोडू का, असे तुम्ही विचारता.

तुमच्यापुरते उत्तर असे : मशीन आत ठेवा, हवा बाहेर सोडू नका, आणि भिंत फोडायला लागणारे पैसे चांगल्या फिल्टरवर घाला. पण खानापूर तालुक्यात मळ्यात सुटे घर असलेल्या माणसाने हेच विचारले, तर मी नेमके उलटे सांगेन. मशीन कुठे मावते एवढ्यावर हा निर्णय घेता येत नाही. ते मिनिटाला शेकडो घनफूट हवा उचलते. ती हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे आधी ठरवायचे. मग मशीनची जागा आपोआप ठरते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी : आपण लढतोय कोणाशी? जमिनीवर साठणारा भुसा आणि रंध्याच्या ढलप्या दिसतात, पायाला लागतात, म्हणून त्याच शत्रू वाटतात. त्या झाडूनेही निघतात. खरा त्रास डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीचा. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. 10 मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाक-घशात न अडकता पुढे जातात आणि अडीच मायक्रॉनच्या खालचे फुप्फुसात खोलवर पोचतात. हे कण मशीन बंद केल्यावरही कितीतरी वेळ हवेत तरंगत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. धोका मुख्यतः नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाचा. शिसवी आणि सागवानाची धूळ काहींच्या अंगावर उठते, काहींना दम लागतो. आपल्याकडचे कितीतरी जुने मिस्त्री आयुष्यभर खोकत काम करत आले, आणि सगळ्यांनी ते धंद्याचा भाग म्हणून सोडून दिले. मला ते कधीच पटले नाही. घरात पोरेबाळे असताना तर अजिबात नाही.

आता तुमच्या मशीनकडे बघू. अशा मशीनबरोबर येणारी वरची कापडी पिशवी बहुतेक वेळा 30 मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहून जाड कणच अडवते. म्हणजे ढलप्या आणि जाड भुसा खाली राहतो, पण जी धूळ फुप्फुसात जाते ती पिशवीच्या विणीतून गाळून, जोराने खोलीत परत फेकली जाते. पिठाच्या गिरणीत जाऊन बघा : तोंडाला कापडी नळा घट्ट बांधलेला असतो, तरी आढ्यापासून गिरणीवाल्याच्या भुवयांपर्यंत सगळे पांढरे. तुमच्या खोलीत तेच होणार, फक्त लाकडाची धूळ पांढरी नसल्याने लक्षात यायला उशीर लागेल. म्हणून लोकांना वाटते की हवाच बाहेर सोडावी, म्हणजे फिल्टरची भानगडच नको. विचार चुकीचा नाही. बाहेर सोडलेली धूळ परत आत येत नाही, फिल्टरचा अडथळा गेल्याने ओढही वाढते. फुप्फुसाच्या दृष्टीने ती सगळ्यात चांगली व्यवस्था आहे. पण तिच्या तीन अटी आहेत आणि तुमच्या घरात त्यातली एकही पुरी होत नाही.

पहिली अट बदली हवेची. 2 एचपीच्या मशीनवर 1200 सीएफएम वगैरे लिहिलेले असते, म्हणजे मिनिटाला 1200 घनफूट. तो आकडा पाइप आणि फिल्टर नसतानाचा. प्रत्यक्षात 600–700 मिळाले तरी समाधान मानावे. तुमची खोली 1400 घनफुटांची. म्हणजे हवा बाहेर सोडली तर दर दोन मिनिटांनी खोलीतली सगळी हवा बदलणार. जेवढी जाते तेवढी कुठून तरी आत आलीच पाहिजे. आली नाही तर दोन गोष्टी होतात : मशीनची ओढ मरते, आणि खोली जिथे फट मिळेल तिथून हवा खेचते.

तुमच्या बाबतीत ती फट म्हणजे न्हाणी. या भागाकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. स्लॅबची खोली, दार-खिडकी बंद, शेजारी बंब पेटलेला. न्हाणी आणि खोली यांच्यात दार असो, गटाराची मोरी असो, की भिंतीत वर ठेवलेला झरोका असो, कलेक्टर सुरू झाला की बंबाचा धूर नळकांड्यातून वर जाण्याऐवजी उलटा खाली ओढला जाऊ शकतो. धूर निदान डोळ्यांना झोंबतो, माणूस सावध होतो. गॅस गीझर असेल तर तेवढाही इशारा मिळत नाही. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. न्हाणीत आंघोळ करणाऱ्या माणसाला चक्कर येईपर्यंत काही कळत नाही. म्हणून माझा नियम पक्का आहे : चूल, बंब किंवा गॅस गीझर असलेल्या घराला चिकटून खोली असेल, तर हवा बाहेर सोडणारी व्यवस्था करायची नाही. करायचीच असेल तर आधी बदली हवेसाठी वेगळे, कायम उघडे राहणारे भोक ठेवायचे. 6 इंची पाइपचे तोंड साधारण 28 चौरस इंच भरते. बदली हवेचे भोक त्याच्या दुपटीहून कमी नको. जाळी बसवली तर जाळीच निम्मी जागा खाते, म्हणून सरळ फूट बाय फूट ठेवा. आणि मध्ये दार, झरोका, मोरी असे काही असेल तर तेही नीट बंद करा.

ज्यांच्या खोलीवर मंगलोरी कौले आहेत आणि खाली माळा किंवा सीलिंग नाही, त्यांना ही भीती बरीच कमी. कौलांच्या फटींतून भरपूर हवा येते. मात्र तिच्याबरोबर वर्षानुवर्षांची काजळी आणि कोळिष्टकेही खाली येतात, त्यामुळे आधी आढे झाडून घ्यावे.

दुसरी अट शेजाऱ्यांची. तुमच्या पश्चिमेला भिंतच आहे, पूर्वेला आईची मिरची, उत्तरेला लोक ये-जा करतात तो बोळ. तिन्हीकडे कोणाच्या तरी नाकातोंडात जाणार. हवा बाहेर सोडताना आधी सायक्लोन (हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारे नरसाळ्यासारखे भांडे) लावून जड भुसा खाली पाडतात आणि उरलेली बारीक धूळ तेवढी बाहेर जाते. ती मळ्यात मोकळ्या रानावर गेली तर वाऱ्यात विरते. वडगावच्या दाट वस्तीत ती दहा फुटांवरच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसते. सायक्लोन न लावता तुमचे दोन पिशव्यांचे मशीन पिशवी काढून थेट बाहेर फुंकायला लावले, तर रंधा मशीनच्या ढलप्यांचा ढीगच बोळात पडेल. शेजारधर्म सांभाळणे हा कार्यशाळेच्या आराखड्याचाच भाग आहे असे मी मानतो. एकदा शेजारी दुखावले की मग आवाजाचीही तक्रार सुरू होते आणि रविवारचे काम बंद पडते.

तिसरी अट पावसाची, आणि इथे मात्र सगळ्यांसाठी एक उत्तर नाही. आपल्या जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस कोसळतो आणि अथणीकडे लोक ढगाकडे डोळे लावून बसतात. बेळगाव शहर मधले. लोक म्हणतात पावसाळ्यात हवा बाहेर सोडली की ओली हवा आत येऊन लाकूड फुगते. हे अर्धे खरे आहे. आपल्या खोल्या काही हवाबंद नसतात. जुलैत बाहेर 85–90 टक्के आर्द्रता असेल तर दोन दिवसांत आतही तेवढीच होते, कलेक्टर असो वा नसो. अशा हवेत लाकडातला ओलावा 18–20 टक्क्यांकडे सरकतो आणि मार्च महिन्यात तेच लाकूड 7–8 टक्क्यांवर येते. तो फरक जोडकामात आधीच धरावा लागतो. कलेक्टर फक्त वेग वाढवतो. खरी अडचण वेगळी : बाहेरच्या तोंडातून पावसाची झड आत येते, पाइपमध्ये ओला भुसा चिकटून बसतो आणि टेबल सॉच्या बिडाच्या पत्र्यावर रात्रीत गंज चढतो. जांबोटीच्या बाजूला तर धुकेच खोलीत येते. तिथे मी जून ते सप्टेंबर फिल्टरवर आणि बाकीचे आठ महिने बाहेर, अशी दोन्हीकडची सोय करायला सांगतो. पाइपला वाय जोड आणि दोन झडपा लावल्या की झाले. अथणी-चिकोडीकडे मळ्यात घर असेल तर बारा महिने बाहेर सोडा, काही बिघडत नाही.

बाहेर सोडणाऱ्यांनी तोंड वाऱ्याच्या आडोशाला ठेवावे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, म्हणून तोंड पूर्व किंवा ईशान्य बाजूला. पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, तोंड खाली वळवा, आणि उंदीर-चिमण्यांसाठी अर्ध्या इंचाच्या भोकांची जाळी लावा. बारीक जाळी लावली तर ती आठवड्यात तुंबते. आणि चिऱ्याची जुनी जाड भिंत असेल तर ती फोडू नका. खिडकीची एक काच काढून तिथे 18 मिलीमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय बसवा आणि त्यातून पाइप काढा. उद्या विचार बदलला तर काच परत बसवता येते.

आता मशीन बाहेर आडोशाला ठेवून फक्त पाइप आत आणायचा, या तुमच्या दुसऱ्या कल्पनेबद्दल. त्याने खोलीतली जागा आणि आवाज दोन्ही वाचतात हे खरे. पण मशीन बाहेर गेले की फिल्टरमधून निघणारी हवाही बाहेरच जाते, म्हणजे तुम्ही नकळत हवा बाहेर सोडणारी व्यवस्थाच केलेली असते. बंबाचा आणि बदली हवेचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. हे टाळायचे तर आडोशातून खोलीत हवा परत येण्यासाठी मोठी वाट ठेवावी लागते, आणि त्या वाटेने आवाजही परत येतो. वर पत्र्यावर पावसाचा मारा, मोटरला दमट हवा, खालच्या पिशवीत उंदीर. एवढे सगळे करून वाचते काय, तर तीन बाय चार फुटांची जागा. माझ्या मते तुमच्याकडे ते परवडत नाही.

मग आत कुठे? लांबच्या रिकाम्या कोपऱ्यात ढकलू नका. जे मशीन सगळ्यात जास्त धूळ करते त्याच्या जवळ ठेवा. पाइपचा प्रत्येक फूट आणि प्रत्येक वळण ओढ खाते. तुमच्याकडे भुसा भरपूर काढणार रंधा मशीन, आणि बारीक धूळ सगळ्यात जास्त उडवणार टेबल सॉ. ही दोन्ही उत्तरेच्या खिडकीच्या बाजूला शेजारी शेजारी घ्या आणि कलेक्टर ईशान्य कोपऱ्यात, दारामागे पण दाराच्या वाटेत न येईल असा ठेवा. बँड सॉ समोरच्या भिंतीला राहू दे. न्हाणीच्या भिंतीपासून मशीन लांब राहिलेले बरे. खालची पिशवी काढायला समोर दोन-अडीच फूट मोकळी जागा हवी. ती नसेल तर पिशवी वेळेवर रिकामी होत नाही, आणि गच्च भरलेली पिशवी म्हणजे बंद पडलेला कलेक्टर.

वरची कापडी पिशवी काढून घड्यांचा कॅनिस्टर (डब्यासारखा) फिल्टर बसवा, 1 मायक्रॉनचा किंवा त्याहून चांगला. त्याचे पृष्ठफळ पिशवीच्या कितीतरी पट असल्याने हवा सहज जाते, ओढ कमी न होता बारीक धूळ अडते. हा खर्च मशीनच्या किमतीच्या मानाने जड वाटेल, पण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. फिल्टरची आतली हलवण्याची दांडी रोज काम संपल्यावर, मशीन बंद असताना फिरवा. पावसाळ्यात दमट भुसा घड्यांत घट्ट बसतो, तेव्हा जास्तच. पुढे पैसे झाले की मशीनच्या आधी सायक्लोन लावा, फिल्टर बराच काळ स्वच्छ राहतो. सायक्लोनही थोडी ओढ घेतो, म्हणून तो लावण्याआधी पाइप नीट करून घ्या.

पाइपच्या बाबतीत लोक 4 इंचावर अडकतात, कारण मशीनची तोंडे 4 इंची असतात. भुसा पाइपमध्ये खाली न बसता वाहत राहण्यासाठी हवेचा वेग मिनिटाला 4000 फुटांच्या आसपास लागतो. त्या वेगाने 4 इंची पाइपमधून साधारण 350 सीएफएम जातात आणि 6 इंचीतून सुमारे 780. बारीक धूळ उगमापाशीच पकडायची तर 350 अपुरे पडतात. म्हणून मुख्य पाइप 6 इंची घ्या आणि शक्य तिथे मशीनचे तोंडही मोठे करून घ्या. वेगळी महाग डक्टिंग लागत नाही. शेतीच्या आणि सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपच्या दुकानात 160 मिलीमीटरचा पाइप मिळतो, तो जवळपास 6 इंचीच. काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन जोडा, टीऐवजी वाय वापरा. लवचीक नळी अगदी शेवटच्या दोन-तीन फुटांपुरतीच, कारण तिच्या वळ्या गुळगुळीत पाइपपेक्षा दुप्पट-तिप्पट अडथळा करतात. प्रत्येक फाट्यावर झडप ठेवा आणि एका वेळी एकच उघडा. टेबल सॉखालचा बंद डबा, पात्यावरचे आच्छादन, पाइपचे आकार जुळवणारे पत्र्याचे तुकडे, हे उद्यमबागेतला कोणताही फॅब्रिकेटर मापे दिली की करून देतो. निपाणीकडच्यांना कोल्हापूरची उद्यमनगर जवळ पडेल.

ओढ तपासायला उदबत्ती पेटवून नळीपाशी धरायची सवय काहींना असते. ते करू नका, ठिणगी थेट भुशाच्या पिशवीत जाते. वर्तमानपत्राची बारीक पट्टी किंवा कापसाचा धागा धरला तरी सगळे कळते.

ठिणगीचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. आपल्याकडे जुन्या वाड्यांचे सागवान स्वस्तात मिळते आणि ते सोने असते, पण त्यात मोडलेले खिळे असतात. तुमच्या मशीनमध्ये भुसा पंख्यातूनच जातो. खिळ्याचा तुकडा लोखंडी पात्यावर आपटला की ठिणगी उडते आणि ती पिशवीत धुमसत राहू शकते. जुने लाकूड रंध्याला लावण्याआधी लोहचुंबक फिरवा आणि त्या दिवशी पिशवी खोलीत भरलेली ठेवून झोपू नका. ग्राइंडरचे काम या पाइपवर कधीच नको. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी भुशात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते. आणि बारीक धूळ ओंजळीने बंबात टाकायची सवय घरात कोणाला असेल तर थांबवा, ती धूळ हवेतच भडकते आणि जाळ बाहेर येतो. साध्या लाकडाचा जाड भुसा भुशाच्या शेगडीला चालतो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा मात्र शेगडीलाही नको आणि गोठ्यातही नको, त्यात फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. दोन्ही भुसे वेगळे ठेवा.

सँडर (घासकामाचे मशीन) आणि हातातला राउटर (कडा आणि खाचा कोरणारे मशीन) या कलेक्टरला जोडून फारसा उपयोग होत नाही. त्यांची तोंडे लहान, आणि कलेक्टर भरपूर हवा ओढतो पण कमी जोराने. त्यांना चांगल्या फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनरच हवा. सँडिंग शक्य तेव्हा दारात करा, मिरची वाळत नसेल त्या वेळी. मास्क एन95 किंवा एफएफपी2 दर्जाचा, आणि कलेक्टर असला तरी वापरायचा. काम संपल्यावर दार-खिडकी उघडी ठेवून खिडकीत बाहेर फुंकणारा पंखा अर्धा तास चालू द्या, मास्क त्यानंतर काढा. हा पंखा बंब विझलेला असतानाच लावा.

विजेचे थोडक्यात. 2 एचपीची मोटर सिंगल फेजवर चालू अवस्थेत साधारण 9–10 अँपिअर घेते, सुरू होताना कितीतरी जास्त. तिच्यासोबत टेबल सॉ चालणारच, म्हणून दोघांना वेगवेगळ्या लाइन द्या, प्रत्येकीला स्वतंत्र एमसीबी, आणि मीटरचा मंजूर लोड पुरतो का ते वायरमनकडून आधी बघून घ्या. आधी कलेक्टर सुरू करा, तो पूर्ण वेगात आला की मग सॉ. बंद करताना उलट, आणि सॉ थांबल्यावर कलेक्टर आणखी थोडा वेळ चालू द्या. लवचीक नळीतली तार मशीनच्या अर्थिंगला जोडा, नाहीतर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत हात लावताच चटके बसतात.

एक शेवटचे, बसवण्याबद्दल. पाइपचे सांधे पहिल्या महिन्यात सोल्युशनने चिकटवू नका, नुसते दाबून बसवा आणि वर टेप गुंडाळा. काम करताना मशीन थोडे फार हलवावे लागतेच, रंधा मशीनची मागची बाजू अपुरी पडते, लांब फळी दारातून बाहेर काढावी लागते. जागा पक्की झाली की मग चिकटवा. खोलीचा साधा नकाशा आणि न्हाणीच्या भिंतीत झरोका किंवा मोरी कुठे आहे ते कळवलेत, तर झडपा कुठे बसवायच्या ते मी काढून देतो.